मुखवट्याच्या आत चष्मा : घालायचा की काढून ठेवायचा?



"डॉक्टरताई, दोन तास चष्मा काढला तर चालतंय का हो?"

हा प्रश्न मला लग्नसराईत नवरीच्या आईकडून येतो, ग्रुप फोटोच्या आधी येतो, मॅरेथॉनला उतरणाऱ्या काकांकडून येतो. २०२५च्या फेब्रुवारीत मात्र तो एका वाघासाठी आला. त्या वाघाच्या निमित्ताने मला बरंच सुचलं आणि एक जुनी गोष्ट आठवली. तुमच्या घरात शाळेत जाणारं मूल असेल, किंवा तुम्ही स्वतः भारूड, दशावतार, गणपतीतलं नाटक असं काही करत असाल, तर हे वाचाच.

मी डोळ्यांची डॉक्टर. प्रॅक्टिस सोलापुरात, पण तामलवाडी माझं आजोळ. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं हे गाव कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्या भक्तांना ठाऊक असतं, आणि बाकीच्यांना टोलनाक्यामुळे. महिन्यातल्या एका रविवारी मी मामांच्या ओसरीवर बसते आणि गावातल्या लोकांचे डोळे बघते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एक बॅटरी, लेन्सची पेटी, एवढाच दवाखाना.

त्या हिवाळ्यात आमच्या भागात वाघाशिवाय दुसरा विषय नव्हता. २०२४च्या शेवटी येडशीच्या रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो धाराशिव जिल्ह्यात पोचला होता. रात्री पिकाला पाणी द्यायला एकटं जायला लोक कचरू लागले. मग शाळेच्या स्नेहसंमेलनात दुसरं काय असणार? पाचवीच्या मुलांचं नाटुकलं ठरलं. वाघ, नान्नजच्या माळावरचा लांडगा, काळवीट, माळढोक आणि त्यांना घाबरणारी माणसं. गुरुजी हौशी. मुखवटे विकत आणायचे नाहीत, सगळ्यांनी घरी करायचे, असं ठरलं.

वाघ झाली होती दहा वर्षांची एक मुलगी. दोन्ही डोळ्यांना मायनस ३.५चा नंबर. आई तिला घेऊन ओसरीवर आली आणि वरचा प्रश्न विचारला. वाघाचं डोकं घातलं की चष्मा आत दाबला जातो, कानामागे दुखतं, काचेवर वाफ धरते. गुरुजी म्हणाले, तेवढ्यापुरता चष्मा काढून ठेव. पोरगी ऐकेना.

मी मुलीला विचारलं, "तुला काय वाटतं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग आईकडे न बघता म्हणाली, "वाघाच्या आत चष्मा कुणाला दिसत नाही."

वर्गात तिला काय म्हणून चिडवतात ते आईने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. आपण शाळेत असताना चष्म्याच्या मुलांना जे म्हणत होतो, तेच. तिला वाघ व्हायचं होतं ते चष्म्यासकट. नीट दिसेलही आणि कुणी बघणारही नाही, अशी तिला सापडलेली ही एकच जागा होती. आणि नेमकं तिथेच आपण तिला चष्मा काढायला सांगत होतो.

मी हो किंवा नाही म्हणण्याआधी तिला माझं डावं मनगट दाखवलं.

मी अस्वल झाले होते तेव्हा

सहावीत असताना मी अस्वल झाले होते. अंगावर काळी घोंगडी, डोक्यावर पुठ्ठ्याच्या खोक्याचं डोकं, त्यावर काळा रंग. तेव्हा माझा नंबर मायनस २ होता. "अस्वलाला कुठं चष्मा असतो?" असं कुणीतरी म्हणालं, सगळे हसले, आणि मी चष्मा काढून मैत्रिणीच्या हातात दिला. वर्गातली बाकं जोडून स्टेज केलं होतं, वर सतरंजी अंथरलेली. दोन बाकांमध्ये वीतभर फट होती आणि तिथे सतरंजी खाली गेली होती. डोक्याच्या भोकातून मला पायाखालचं काही दिसत नव्हतं, आणि समोरचं दिसत होतं तेही धुरकट. पाय फटीत गेला, मी हातावर पडले. मनगट मोडलं. दीड महिना प्लॅस्टर. ते मनगट अजून जरा वाकडंच वळतं.

त्या दिवशी लोक खूप हसले. त्यांना वाटलं, अस्वलाने मुद्दाम लोळण घेतली.

चष्मा काढला तर नेमकं काय होतं?

आधी एक गैरसमज दूर करू. दोन तास चष्मा काढला म्हणून नंबर वाढत नाही. "काढलास तर डोळे जातील" अशी भीती मुलांना घालू नका. ते खरं नाही, आणि खोटी भीती एकदा कळली की मुलं आपलं खरंही ऐकत नाहीत.

धोका पडण्याचा, धडकण्याचा आहे. मायनस ३.५ नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण २९ सेंमीपर्यंतच स्वच्छ दिसतं, म्हणजे एक फूटसुद्धा नाही. (हिशोब सोपा आहे. १०० सेंमीला नंबराने भागा. नंबर २ असेल तर ५० सेंमी, ४ असेल तर २५.) त्यापलीकडचं जितकं लांब तितकं धूसर. स्टेजची कड, वायर, मांडवाचा दोर, समोरून धावत येणारा काळवीट, सगळं त्या धूसर भागातलंच.

दुसरी गोष्ट मुखवट्याची. दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला आडवं साधारण १८० अंश दिसतं, आणि खाली सुमारे ७० अंशांपर्यंत. चालताना आपण पायांकडे बघत नाही, तरी दगड चुकवतो ते या खालच्या नजरेमुळे. मुखवटा नेमकी तीच कापतो. ३ सेंमी रुंदीचं भोक डोळ्यापासून ५ सेंमी दूर असेल तर एका डोळ्याला जेमतेम ३३ अंश दिसतं. तेच भोक २ सेंमीवर आणलं तर सुमारे ७४ अंश. कागदाची नळी करून डोळ्याला लावा आणि घरातल्या घरात चार पावलं चाला. लगेच कळेल. (सोबत कुणीतरी असू द्या.)

डोक्याच्या आत नजर अरुंद होतेच. वरून चष्मा काढला की उरलेली नजरही धूसर होते. यातली एकच गोष्ट आपल्या हातात आहे. म्हणून माझं उत्तर: चष्मा राहू द्या. डोकं बदला.

डोकं चष्म्याभोवती बांधा

बहुतेक घरांत आधी डोकं तयार होतं आणि मग त्यात चष्मा कोंबला जातो. क्रम उलटा करा. मुलाला चष्मा घालून बसवा आणि त्याच्यावर माप घ्या. त्या दिवशी ओसरीवर आम्ही तेच केलं.

*भार कुठे येतो ते बघा.* वाघाचं डोकं बांबूच्या दुरडीवर कागदाचा लगदा थापून केलेलं होतं. दुरडी आत सरळ चष्म्यावर टेकत होती. काड्या कानामागे रुतत होत्या, नाकावर पॅडचे लाल वळ उठले होते. बाहेरून सतत दाब पडल्याने होणारी डोकेदुखी हा वैद्यकशास्त्रात वेगळा नोंदलेला प्रकार आहे. घट्ट हेल्मेट, पोहण्याचा गॉगल, आवळून बांधलेली पट्टी यांनी ती होते आणि दाब काढला की थांबते. मी म्हणाले, भार टाळूवर यायला हवा, चष्म्यावर नको. मुलीची आई पटकन म्हणाली, "मग आत चुंबळ ठेवावी की. दोन घागरी घेतो आम्ही, कुठं दुखतंय?" इतकी वर्षं शिकून मला हे सुचलं नव्हतं. जुन्या सुती लुगड्याची चुंबळ दुरडीच्या आत टाचली. डोकं दोन बोटं वर उचललं गेलं आणि चष्मा मोकळा झाला.

*कानाजवळ जागा सोडा.* डोकं हलू नये म्हणून लोक आत कानाजवळ फोम किंवा कापूस भरतात. तिथे काड्या असतात. फोम लावायचा तो कपाळाच्या वरच्या भागाला आणि मागे मानेच्या वर. दोन्ही कानांपाशी बोटभर जागा रिकामी राहिली पाहिजे. काचेच्या समोरही किमान दोन बोटं अंतर ठेवा. मुखवटा काचेला लागला की चरे पडतात आणि धक्का बसला तर फ्रेम नाकात घुसते.

*डोळ्यांतून नाही, तोंडातून बघा.* वाघाचे डोळे चेहऱ्याच्या वरच्या बाजूला रंगवलेले असतात आणि मुलाचे डोळे बरेचदा त्याच्या खाली येतात. मग मूल मान वाकडी करून बघतं. त्यापेक्षा वाघाचा जबडा मोठा उघडा ठेवा आणि त्याला आतून काळी जाळी लावा. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काळा करून घेतला तरी चालतो. बाहेर उजेड आणि आत अंधार असला की बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आतल्याला बाहेरचं दिसतं. चिकाच्या पडद्यामागे बसलेल्या माणसाला रस्ता दिसतो, तसंच. शिवाय जबडा खाली असल्याने पायाखालचंही दिसतं. जाळी काचेपासून तीन-चार सेंमी लांब ठेवा.

*वाफ.* सगळ्यांचा मोठा त्रास हाच. कोविडच्या काळात मास्क लावून फिरलेल्या प्रत्येक चष्मेवाल्याला तो माहीत आहे. आपला श्वास गरम आणि दमट असतो. काच थंड असते. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसे काचेवर बारीक थेंब जमतात. उपाय तीन. पहिला, हवेला वाट द्या. खाली तोंडापाशी एक आणि वर कानांच्या मागे दोन-चार भोकं ठेवा. गरम हवा वर चढते आणि बाहेर पडते. दुरडी होती म्हणून हे सोपं गेलं, लगदा थापताना मागची वीण उघडी सोडली. दुसरा उपाय साबणाच्या पाण्याचा. घालण्याआधी काच साबणाच्या पाण्याने धुवायची, पाणी झटकायचं आणि न पुसता वाळू द्यायची. काचेवर राहिलेल्या पातळ थरामुळे थेंब धरत नाहीत, पाणी पसरून जातं. सर्जन लोक मास्कसाठी हे करतात. २०११ मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात ही युक्ती छापून आली होती. तिसरा, स्टेजवर जाण्याआधी चार-पाच मिनिटं डोकं घालून बसा. काच अंगाच्या उबेने गरम झाली की वाफ कमी धरते.

*घसरणं.* घामाने चष्मा नाकावरून उतरतो आणि मुखवट्याच्या आत हात घालून वर करता येत नाही. शिवणकामाच्या डब्यातलं इलॅस्टिक दोन्ही काड्यांच्या टोकांना बांधून डोक्यामागून घ्या. सैलच ठेवा, एक बोट आत गेलं पाहिजे. कपाळाला सुती पट्टी बांधली की घाम डोळ्यांत येत नाही.

*घालणं आणि काढणं.* आधी चष्मा, मग डोकं. डोकं सरळ वरून खाली घालायचं आणि सरळ वर उचलून काढायचं. पुढे ओढलं की चष्मा बरोबर येतो, काडी डोळ्यात जाते. मान जिथे आत जाते ते तोंड ऐसपैस ठेवा. मुलाला स्वतःचं डोकं स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय, पटकन काढता आलंच पाहिजे. यात तडजोड नको. गुदमरलं, चक्कर आली, दम्याचा त्रास असलेल्या मुलाला धाप लागली, तर बटणं शोधायला वेळ नसतो. तालमीतही दर दहा मिनिटांनी डोकं काढून पाणी प्यायला द्या. सगळं डोकं अर्ध्या किलोच्या आत बसवा.

आणि शक्यतो चष्म्याची काच प्लॅस्टिकची किंवा पॉलिकार्बोनेटची असावी. मुलांच्या चष्म्यात खऱ्या काचेची लेन्स तशीही नको.

"लांडग्याला फळा दिसतो"

वाघाचं काम झालं तोवर बाकीची जनावरंही आपापली डोकी घेऊन अंगणात गोळा झाली होती. मी एकेक डोकं बघत होते. लांडगा झालेला मुलगा अकरा वर्षांचा, चष्मा नाही. त्याच्या लांडग्याचे डोळे छान पिवळे रंगवलेले होते, आणि प्रत्येक डोळ्याच्या मधोमध खिळ्याने पाडलेलं भोक, बाजरीच्या दाण्याएवढं. डोकं घट्ट, त्यामुळे भोकं अगदी त्याच्या डोळ्यांना लागून.

मी म्हणाले, "अरे, यातून तुला काय दिसणार?"

"चांगलं दिसतंय की मॅडम. ह्याच्यातनं फळ्यावरचं पण वाचता येतंय."

"आणि डोकं काढल्यावर?"

"काढल्यावर नाही येत."

बाकीची मुलं खो खो हसली. मी त्याला तक्त्यासमोर उभं केलं. उघड्या डोळ्यांनी त्याला वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. लांडग्याचं डोकं घालून आणखी तीन ओळी.

हे जादूने होत नाही. नंबर असलेल्या डोळ्यात बाहेरचे किरण पडद्यावर एका बिंदूत न मिळता पसरतात, म्हणून धूसर दिसतं. बारीक छिद्रातून बघितलं की फक्त मधले थोडे किरण आत येतात, पसरट ठिपका लहान होतो आणि चित्र स्पष्ट दिसतं. आम्ही दवाखान्यात भोकं पाडलेली काळी चकती डोळ्यासमोर धरतो ती याचसाठी. लांब बघताना मुलं डोळे बारीक करतात तेही तेच, पापण्यांची फट करून केलेलं छिद्र. लांबचं न दिसण्याला आम्ही मायोपिया म्हणतो. तो शब्दच मुळी 'डोळे मिटणे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

मग चष्म्याऐवजी बारीक भोकंच का ठेवू नयेत? कारण त्यातून उजेड फार कमी येतो आणि आजूबाजूचं जवळजवळ काहीच दिसत नाही. एका जागी उभं राहून फळा वाचायला ठीक. रात्रीच्या स्टेजवर पळायला मुळीच नाही.

या मुलाची शाळेतली डोळ्यांची तपासणी हुकली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळांमध्ये येतात, पण आदल्या वर्षी पथक आलं तेव्हा हा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता. या वर्षी आजीने त्याला घरी ठेवून घेतलं होतं. वर्गात तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा, फळ्यावरचं उतरवून घ्यायचा नाही, आणि सगळ्यांचा समज, त्याचाही, असा होता की आपण अभ्यासात कच्चे. त्याला कधी वाटलंच नाही की फळा इतरांना वेगळा दिसत असेल. कसं वाटणार? दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायची सोय कुठे असते?

दुसऱ्या दिवशी आजी त्याला घेऊन सोलापूरला आली. डोळ्यांत थेंब घालून नीट तपासणी केली. दोन्ही डोळे मायनस २.२५. बाकी डोळे निरोगी. आजी मात्र गुरुजींवर नाराज. तिला वाटलं, त्या मुखवट्याने पोराचे डोळे बिघडले. तिला समजावलं, की नंबर आधीपासूनच होता, मुखवट्यामुळे तो आपल्याला कळला एवढंच. आणि चष्मा लावला म्हणून नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळा वाढतो, म्हणून नंबर वाढतो. चष्म्याविनाही तो वाढलाच असता, फक्त मूल अंधुक बघत राहिलं असतं. शाळकरी मुलांना मोफत चष्मा मिळण्याची सोय राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आहे. हा कार्यक्रम आपल्याकडे १९७६ पासून चालू आहे. पैशांमुळे थांबू नका, जवळच्या सरकारी रुग्णालयात विचारा.

घरी करून बघा

एका पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा. मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फुटांवर उभं करा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. तारखांखालची बारीक अक्षरं वाचायला सांगा. मग तेच पुठ्ठ्याच्या भोकातून. नंतर दुसरा डोळा.

- भोकातून जास्त स्पष्ट दिसलं, तर बहुधा चष्मा लागणार आहे. तपासून घ्या.
- दोन्ही वेळा अंधुकच दिसलं, तर जास्त लवकर दाखवा. कारण तेव्हा त्रास नंबराचा नसून डोळ्याच्या आतला असू शकतो.
- एका डोळ्याने चांगलं आणि दुसऱ्याने कमी दिसत असेल, तर एक दिवसही घालवू नका. साधारण सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत नजर घडत असते. त्या काळात एक डोळा मागे पडला तर नंतर चष्मा लावूनही तो पूर्ण भरून येणं कठीण जातं.

ही तपासणीची जागा घेणारी चाचणी नाही, तपासणीला जायचं की नाही हे ठरवणारी आहे. आणि भोकातून सूर्याकडे कधीही बघू देऊ नका.

काही नेहमीचे प्रश्न

*कॉन्टॅक्ट लेन्स लावून दिल्या तर?* एका संध्याकाळच्या नाटकासाठी दहा वर्षांच्या मुलाला नको. लेन्स घालणं-काढणं शिकावं लागतं, हात स्वच्छ लागतात, नळाचं किंवा बोअरचं पाणी लेन्सला लागलेलं चालत नाही, त्यातून बुबुळाचा गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. मांडवातली धूळ आणि मुखवट्यातला कागदाचा भुगा वेगळाच. आधीपासून लेन्स वापरणाऱ्या मोठ्या माणसांनी वापराव्यात, पण झोपण्यापूर्वी काढाव्यात आणि चष्मा जवळ ठेवावा.

*लगद्यात काय घालावं?* आपल्या आज्या कागद भिजवून, मेथ्या घालून कुटायच्या आणि टोपल्या लिंपायच्या. तीच रीत उत्तम. खळीला कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात. तोंडावर घालायच्या वस्तूत तो नको. घामाबरोबर डोळ्यांत गेला तर जळजळ करतो. डोकं पूर्ण वाळल्याशिवाय घालू देऊ नका. रंगाचा वास जाईपर्यंत थांबा.

*झटपट चिकटणारा गोंद डोळ्यात उडाला तर?* भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे या. पापण्या चिकटल्या असतील तर ओढून उघडू नका, कात्री लावू नका.

*एकच मुखवटा सगळ्यांनी घातला तर?* डोळे आल्याची साथ असेल तेव्हा मुळीच नाही. एरवीही आतलं कापड, पट्टी प्रत्येकाची वेगळी ठेवा.

*आम्ही मोठी माणसं सोंग घेतो, आमचं काय?* जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात लाकडाचे आणि लगद्याचे मुखवटे घालून लोक रात्र रात्र नाचतात. अशा ठिकाणी चाळिशी उलटलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. तुमचा चष्मा वर लांबचा आणि खाली जवळचा असेल, तर खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. मुखवट्याच्या आत फक्त लांबच्या नंबराचा जुना चष्मा घाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाही मुखवटा नको. आणि जनावराचं डोकं घातलेल्या प्रत्येकाबरोबर एक उघड्या डोळ्यांचा सोबती असू द्या.

त्या संध्याकाळी

मी मुद्दाम गेले होते. वाघाचा सोबती म्हणून गुरुजींनी नाटकात एक शिकारी वाढवला होता. तो वाघाला धरायला येतो असं दिसायचं, खरं तर तो तिला स्टेजच्या कडेपासून लांब ठेवायचा. अंगावर पिवळ्या सोलापुरी चादरीचे तुकडे, शेपटीला वाखाचा गोंडा. वाघ नीट चालला, नीट पळाला, एकदा डरकाळी फोडायला विसरला. लांडगा चार दिवसांच्या नव्या चष्म्यानिशी आत होता. त्याची भोकं आम्ही मोठी केली होती.

सगळं जमलं असं नाही. खाली उतरल्यावर मुलीने डोकं सरळ वर उचललं, शिकवलं होतं तसं. डावी काच पूर्ण वाफेने भरलेली. डाव्या गालाकडची हवेची वाट चादरीच्या तुकड्याने बंद झाली होती, ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "अर्धं नाटक एकाच डोळ्यानं केलं," ती म्हणाली. तिने चष्मा काढला, वाघाच्या शेपटीला पुसला. (चष्मा असा पुसायचा नसतो. मी ओरडणार होते, ओरडले नाही.) मग तो परत घालून ती आईला शोधत गर्दीत गेली. डोकं काखेत, चष्मा डोळ्यांवर. कुणी काही म्हणालं की नाही, मला माहीत नाही. मागे वळून बघितलं तेव्हा लांडगाही तिच्या मागोमाग चालला होता, त्याच्याही नाकावर चष्मा.

तुमच्याकडे संमेलन येईल, गणपती येतील, फॅन्सी ड्रेस येईल. मूल डोक्यात डोकं घालून समोर उभं राहिलं की आपण हौसेने विचारतो, "आतून दिसतंय का?" ते "दिसतंय" म्हणतं. तेवढ्यावर सोडू नका. डोकं काढायला लावा आणि पुन्हा विचारा, "आणि आता?"